‘सर्वानुमते मंजूर’

आपल्या राज्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीचे इतिवृत्ताचे पुस्तक उघडून पाहावे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक आणि शेवटी ठरलेले दोन शब्द : सर्वानुमते मंजूर. घरकुलांच्या यादीपासून खाणीच्या ना-हरकत ठरावापर्यंत सर्व काही या दोन शब्दांत आटोपते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना दवंडी पिटली जाते, गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही आणि मग ओसरीवर बसलेल्या पंधरावीस जणांच्या साक्षीने गाव एकमुखाने बोलल्याची नोंद होते. महाराष्ट्रातील खेड्यांत मतभेद म्हणून नाहीतच, असा समज एखाद्या भोळ्या इतिहासकाराने उद्या या पुस्तकांवरून करून घेतला, तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु हे सारे ग्रामसेवकाच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही. चळवळीचा कार्यकर्ता गावात येतो तेव्हा त्याच्या झोळीत पत्रके असतात, वर्गणीच्या पावत्या असतात आणि बहुधा एक तयार ठरावही असतो. ठराव चांगलाच असतो. जंगल वाचवणारा, दारू हटवणारा, जमीन राखणारा असतो. त्याचा मसुदा जिल्ह्याच्या ठिकाणी रात्र जागून केलेला असतो. सभेत तो वाचला जातो, टाळ्या पडतात, हात वर होतात आणि कार्यकर्त्यांची गाडी निघून जाते. आठवड्याने कंपनीचा दलाल त्याच गावात, त्याच ओट्यावर दुसरा तयार कागद घेऊन बसतो आणि तेच हात पुन्हा वर होतात. मग आपण गावाला फितूर म्हणतो. वस्तुतः गावाने दोन्ही वेळा एकच गोष्ट केलेली असते : बाहेरून आलेल्या पाहुण्याचा मान राखलेला असतो.

प्रस्ताव सभेपुढे कसा यावा, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्हां गडचांदूरच्या लोकांना फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे साधारण पाचशे वस्तीचे गोंड गाव आहे. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध १९८४ साली ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि बाबा आमटे यांच्यासारखे लोक त्यात उतरले, तेव्हा या पट्ट्यातील जी गावे जागी झाली त्यांपैकी हे एक. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा आज सर्वतोमुखी आहे. घोषणा पुष्कळ गावांच्या भिंतींवर असतात. मेंढ्याचे वेगळेपण त्याने बैठकीची जी रीत घडवली तिच्यात आहे.

जयप्रकाशजींच्या चळवळीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल १९८७ च्या सुमारास या गावात गेले. (२०२५ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.) पुढारी होण्यासाठी ते गेले नव्हते, शिकण्यासाठी गेले होते. गावातील देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी यांच्यासोबत त्यांनी जी पद्धत रुजवली, तिच्यात दोन बैठका कटाक्षाने वेगळ्या ठेवल्या आहेत. एक अभ्यासगटाची, दुसरी ग्रामसभेची. अभ्यासगटात कोणीही यावे. कार्यकर्त्याने यावे, वनाधिकाऱ्याने यावे, प्राध्यापकाने यावे. कायदा वाचून दाखवावा, हिशेब मांडावा, वाद घालावा. मात्र तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तेथे बाहेरच्याला स्थान नाही. ग्रामसभेत एकाचा जरी विरोध राहिला, तरी मतदान घेतले जात नाही. विषय पुढच्या सभेवर जातो.

ही विभागणी वरवर साधी दिसते. तिच्यामागे मनुष्यस्वभावाची खोल जाण आहे. जेथे निर्णय व्हायचा असतो तेथे माणूस बाजू घेतो, आणि एकदा चारचौघांत बाजू घेतली की तो आपल्याच शब्दाचा कैदी होतो. जेथे काहीच ठरायचे नसते तेथे तो शंका विचारतो, चुकतो, मत बदलतो, आणि त्यात त्याची अप्रतिष्ठा होत नाही. आपल्या चळवळीत नेमके उलट घडते. आपण ठराव मांडतो आणि त्याच बैठकीत त्यावर चर्चा मागतो. चर्चा करणाऱ्याला मग विरोधक ठरण्यावाचून गत्यंतर नसते. ठरावांच्या शब्दांवरून फुटलेल्या समित्या ज्यांनी पाहिल्या आहेत, आणि समाजवाद्यांनी त्या इतरांहून अंमळ अधिकच पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगायला नको.

अशा सहमतीची ताकद कसोटीच्या वेळी कळते. गावाने जंगलातील लाकूड आणून घोटुल बांधला, तो वनखात्याने पाडला. निर्णय चार पुढाऱ्यांचा असता तर त्या चौघांना धमकावून प्रकरण मिटले असते. येथे प्रत्येक घर निर्णयाचे धनी होते, म्हणून फोडायला कोणी सापडले नाही, आणि शेजारच्या गावांनीही आपापले घोटुल उभे केले. पुढे वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला; २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आले. ज्या बांबूवर वर्षानुवर्षे कागद कारखान्याचा हक्क चालत होता, तो गाव स्वतः विकू लागले. २०१३ साली तर १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली गावाने शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे सोपवली. ग्रामदानाला त्या कायद्याने प्रत्येक खातेदाराची संमती आवश्यक धरलेली नाही. मेंढ्याने ती आवश्यक धरली.

येथे एक आक्षेप हटकून येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. एकाच्या नकाराने सारे गाव अडून राहावे काय? पोलंडच्या संसदेत कोणाही एका सरदाराला नुसत्या नकाराने अधिवेशन मोडता येत असे. १६५२ साली एकट्याने तो अधिकार वापरल्याचा पहिला प्रसंग घडला. १७९१ च्या राज्यघटनेने तो रद्द होईपर्यंत ते राज्य पोखरून निघाले होते. उदाहरण खरे आहे, पण त्यातील फरकही पाहिला पाहिजे. पोलंडचा सरदार नकार देऊन आपल्या जहागिरीवर निघून जाई. मेंढ्यात नकार देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते आणि पुढच्या सभेत त्याच लोकांसमोर आपले कारण सांगायचे असते. कारण पटले तर प्रस्ताव बदलतो. न पटले तर बहुधा विरोधच विरघळतो. पाच जणांच्या मुखाने परमेश्वर बोलतो असे मानणाऱ्या समाजाने तिघांच्या बोलण्यात परमेश्वर कधीपासून पाहिला, असा विनोबांचा बहुमतवाल्यांना टोमणा असे. वनहक्क कायद्याचे २०१२ मध्ये सुधारलेले नियमही अखेर साध्या बहुमतावरच थांबतात. मात्र निम्म्या सभासदांची हजेरी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया, ही अट त्यांनी घातली, हे बरे केले.

आमच्या मते सहमतीला खरा धोका नकार देणाऱ्याकडून नाही. तो गप्प बसणाऱ्याकडून आहे. मौन म्हणजे संमती हे सुभाषित सभाशास्त्रात शिरले आणि त्याने अनर्थ केला. सावकाराचे देणे असलेला गप्प बसतो, सून सासऱ्यासमोर गप्प बसते, मराठी अडखळत बोलणारा कोलाम मराठीत चाललेल्या सभेत गप्प बसतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती मिळवणाऱ्या आंदोलनात स्त्रिया आघाडीवर होत्या. पण गावाच्या सभेत दारूचा विषय निघतो तेव्हा केवढी गुंतागुंत असते, याचा विचार करावा. मोहाची दारू गोंडांच्या देवाला चढते. ‘दारू बंद’ एवढाच ठराव बाहेरून आला तर भूमक त्याला विरोध करील आणि मार खाणारी स्त्री देवाच्या भीतीने गप्प राहील. ‘घरात मारहाण का होते?’ हा प्रश्न आधी मांडला, तर तीच स्त्री बोलते, आणि देवाच्या वाट्याचे काय, याचा तोडगाही कदाचित भूमकच सुचवतो. तयार उत्तर नेण्याऐवजी प्रश्न नेणे, हे कार्यकर्त्याच्या अहंकाराला जड जाते खरे.

आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर या गावाने तेंदूपाने न तोडण्याचे ठरवले. तेंदूचा हंगाम म्हणजे ऐन उन्हाळ्यात हाती येणारा रोकड पैसा. तो सोडण्याचा प्रस्ताव एखाद्या शहरी पर्यावरणवाद्याने सभेत मांडला असता तर लोकांनी त्याला हसून वाटेला लावले असते. पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, टेंभरे धरत नाहीत, हे ज्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते त्यांनीच ते बोलून दाखवले आणि नियम त्यांनीच केले. पोटाला चिमटा बसणारा निर्णय बहुमताने लादता येत नाही. ज्याच्या पोटाला चिमटा बसतो तो रात्री जाऊन पाने तोडतोच.

हे सर्व सावकाशीचे काम आहे आणि आपला प्रतिपक्ष सावकाश चालत नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भरली ती जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीत. डोंगरातील माणसाने तेथवर यावे, माइकसमोर दोन मिनिटांत आपले आयुष्य मांडावे, ही अपेक्षा! अशा वेळी मेंढ्याच्या पद्धतीने महिनोन्महिने अभ्यास करीत बसावे काय, असे तरुण कार्यकर्ते विचारतात. त्यांची तळमळ आम्हांला समजते. आमचे उत्तर एवढेच की होकार आणि नकार यांना एकाच मापाने मोजू नये. नकाराने डोंगर आहे तेथेच राहतो आणि उद्या विचार बदलता येतो. होकाराने तो खणला जातो आणि मग विचार बदलून उपयोग नसतो. म्हणून होकाराला सगळ्या गावाचे एकमत हवे. ते झालेले नाही एवढे कारण नकाराला पुरेसे मानावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ओडिशातील नियमगिरीच्या बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी बॉक्साइटची खाण नाकारली. त्या सभांना जिल्हा न्यायाधीश उपस्थित होते; पण गावे तेथवर पोचली ती आधीच्या कित्येक वर्षांच्या बोलण्यामुळे.

गडचांदूर हे चुनखडीच्या पट्ट्यातील गाव. सिमेंटच्या धुराड्यांच्या सावलीत ते वाढले आणि आज नगरपरिषदेचे शहर झाले. म्हणजे ग्रामसभा आमच्या हातून गेली. पण कोरपना आणि जिवती तालुक्यांतील गावांत आणि कोलामांच्या गुड्यांवर ती शिल्लक आहे. तेथे जमीन मागणारे कागद येणार, तसेच आमच्या बाजूचे कागदही जाणार. आपला कागद कोलामी-गोंडीत समजावून सांगितला जावा, तो निदान महिनाभर गावातच पडून राहावा, त्यावर प्रथम बायकांनी वेगळे बसून बोलावे, आणि गावाने तो फाडला तर कार्यकर्त्याने मुकाट्याने परत यावे, एवढे तरी आपण पाळू शकतो. इतिवृत्ताच्या पुस्तकात आज सूचक आणि अनुमोदक यांच्यासाठी जागा राखलेली असते. हरकत घेणाऱ्याचे नाव आणि त्याचे कारण यांसाठी आणखी एक रकाना आखून घ्यायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.