माफी, पण कोणत्या अटीवर?

मैत्रिणींनो, ‘माफीचा साक्षीदार’ हा १९८६ चा मराठी चित्रपट परवा पुन्हा पाहिला. राजदत्तांचे दिग्दर्शन, नाना पाटेकरांची भूमिका, आधार पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्याचा. बोलले जाते ते नानांबद्दल. मला मात्र तो दुसराच छळत राहिला, दबणारा, भिणारा, मित्राच्या मागे फरफटत जाणारा.

खऱ्या घटनेत जानेवारी १९७६ मध्ये वर्गमित्र प्रकाश हेगडेचा खून झाला. पुढे माफीचा साक्षीदार झालेल्या मुलाने तो पाहिला होता. तो भ्याला आणि गप्प राहिला. मार्च १९७७ पर्यंत आणखी नऊ माणसे मारली गेली. अभ्यंकरांच्या बंगल्यातल्या पाचांत घरकाम करणाऱ्या सकुबाई वाघ होत्या. खटल्याच्या नावात त्या नाहीत. (मोलकरणीचे नाव खटल्याला कोण देणार?) २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली.

हे वर्ध्यात बसून का लिहिते? आपल्या बैठकांत हा भित्रा माणूस नेहमी भेटतो म्हणून. दारूबंदीचा जिल्हा, तरी पिऊन आलेल्या नवऱ्याने बायकोचे डोके फोडलेले असते आणि सासू सांगते, “माहा पोरगा लय साधा हाय वो, दोस्तानं बिघडवलं त्याले.” पंच माना डोलावतात. दोस्ताला शिव्या आणि पोराला माफी. बाईने टाके घेऊन घरी जायचे.

दोस्त खोटा असतो असे नाही. गोड बोलून, हिणवून, “बायकोले भेतो का बे?” असे डिवचून माणसाला वाकवणारे असतात, मी पाहिले आहेत. पण हा भित्रेपणा मोठा हिशेबी असतो. दोस्तापुढे थरथरणारा हात घरात कसा थरथरत नाही? आणि मुकाट मार खाणाऱ्या बाईची भीती? तिला आपण ‘आधीच का नाही बोललीस’ असे विचारतो.

कोर्टसुद्धा माफी फुकट देत नाही. स्वतःच्या वाट्यासकट सगळे खरे सांगायचे, ही अट असते. लपवले तर माफी जाते. शिवाय एकट्या त्याच्या शब्दावर भागत नाही, बाहेरचा पुरावा जोडून पाहतात. आपले पंच एवढेही करत नाहीत.

तेव्हा पुढच्या बैठकीत दोस्ताचा विषय निघाला, की पंचांना थांबवा. पोराला उभे करा आणि त्या रात्री त्याने स्वतः काय केले ते बायकोसमोर त्याच्याच तोंडून सांगायला लावा.