विटा थापणाऱ्यांचे घर कोण बांधणार?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठण्याच्या मध्ये कासू हे लहानसे स्थानक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर एका कामासाठी त्या बाजूला गेलो असताना जवळच्या कातकरी वाडीत एक सरकारी घरकुल पाहिले. भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आलेल्या, छप्पर नाही, आत गवत माजलेले. शेजारच्या कुडाच्या झोपडीत घरमालकीण चूल पेटवत होती.

"ताई, काम का थांबलं?" मी विचारले.

"ठेकेदार येतो बोलला, नाय आला. आमी भट्टीवर होतो ना, भाई."

आता नियम काय आहे ते पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात ठेकेदाराला जागाच नाही. पैसे हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या खात्यात येतात आणि घर त्याने स्वतः बांधायचे असते. सपाट भागात मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. शौचालयासाठी 12 हजार वेगळे आणि रोजगार हमीतून 90 ते 95 दिवसांची मजुरी. कातकऱ्यांसारख्या जमातींसाठी नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत तर घराला 2 लाख आहेत. मग कागदावर नसलेला ठेकेदार वाडीत आला कुठून?

उत्तर उचलीत आहे. दिवाळीच्या आसपास भट्टीमालक कातकरी कुटुंबाच्या हातावर उचल ठेवतो आणि अख्खे कुटुंब पोराबाळांसह विटा थापायला जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. नेमका हाच बांधकामाचा हंगाम. रोजगार हमीचा दर 2024-25 मध्ये 297 रुपये होता. 90 दिवसांचे 26 हजार 730 रुपये झाले. रक्कम वाईट नाही. पण ती काम झाल्यावर, मस्टर भरल्यावर येते आणि भट्टीची उचल कामाआधी मिळते. ज्याच्या घरात उद्याचा तांदूळ नाही, तो कोणते पैसे निवडेल? म्हणून पासबुक कुणाच्या तरी हवाली होते. जे आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांच्या विटा थापतात, त्यांच्याच घराच्या भिंती अर्ध्यावर राहतात.

ठेकेदार वाईटच असतो, असे मी म्हणणार नाही. माझे अब्बा गवंडी होते आणि त्यांना बरे ठेकेदारही भेटले होते. पण ठेकेदाराचा हिशेब सोपा असतो: पाया आणि भिंतीत पैसे सुटतात, छपरात आणि गिलाव्यात अडकतात. हप्ते संपत आले की त्याचे पाय दुसऱ्या कामाकडे वळतात.

सरकारने ठेकेदाराला नियमातून काढले, पण त्याची जागा स्वतः घेतली नाही. ती रिकामी जागा त्याने मागच्या दाराने भरून काढली. 'तुझे घर तू बांध' म्हणणे वेगळे आणि सरकारने स्वतः मजूर लावून घर बांधणे वेगळे. पहिल्यात सगळा भार गरिबावर पडतो.

लोकांनी बांधायचे तर सोबत कुणीतरी हवे, हे आपल्या राज्याने एकदा पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली. ती घरे मुख्यतः ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी उभारली. बाकीच्या गावांत मात्र लाखाहून अधिक कुटुंबांनी आपली घरे स्वतः दुरुस्त केली. त्यांच्या मदतीला अभियंते होते आणि गावातल्याच संवाद सहायक बायका होत्या.

सरकारी मजूर लावले म्हणजे सगळे आपोआप स्वच्छ होईल, असेही नाही. लंडनच्या काउंटी कौन्सिलने 1892 च्या सुमारास ठेकेदारांना बाजूला ठेवून स्वतःचे बांधकाम खाते काढले. चार-पाच वर्षांतच एका कामाचा तोटा दुसऱ्या कामाच्या नावावर टाकल्याचे उघड झाले आणि 1909 मध्ये ते खाते बंद झाले. आपल्याकडे मजूर सहकारी संस्थांसाठी कामे राखीव असतात, पण कित्येकदा नाव मजुरांचे आणि नफा ठेकेदाराचा, हेही आपण पाहतो. म्हणून हिशेब वाडीच्या भिंतीवर लिहिलेला हवा: किती गोण्या सिमेंट, किती ब्रास रेती, कुणाला किती रोज.

माझे म्हणणे एवढेच आहे. पंचायत समितीने तालुक्यातल्या गवंड्यांची तुकडी हजेरीवर ठेवावी. सिमेंट-सळई बचत गटांच्या घरकुल मार्टमधून एकत्र घ्यावी. आणि घरकुलाच्या मजुरीचा काही भाग दिवाळीआधी आगाऊ द्यावा, भट्टीमालक देतो तसा. विधवा आणि वृद्धांची घरे तर या तुकडीनेच पूर्ण बांधून द्यावीत.

भट्टीमालकाला कातकऱ्याची गरज कधी असते ते ठाऊक आहे. सरकारला ते कळायला काय हरकत आहे?

निघताना त्या ताईंनी विचारले, "भाई, पावसाआधी पत्रे तरी येतील का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ते पंचायत समितीकडे असायला हवे.