वाटीभर फोडी म्हणजे नेमक्या किती?

उन्हाळा लागला की पुरवण्यांमधून साखरांबा, मोरांबा, आंब्याचा शिरा यांच्या कृती झळकू लागतात. साहित्याची यादी ठरलेली: दोन वाट्या आंब्याच्या फोडी, एक वाटी कैरीचा कीस, दीड वाटी साखर. साखर वाटीने मोजली तर फारसे बिघडत नाही, कारण तिचे दाणे वाटीत दर वेळी जवळपास सारखेच बसतात. फोडींचे तसे नाही. त्यांच्यामध्ये फटी राहतात, फटींत हवा असते आणि ती किती, हे सुरी धरणाऱ्या हातावर ठरते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यांत या हवेचा हिशेब सापडतो. तिथला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा. त्यात अख्ख्या स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम बसतात, अर्ध्या केलेल्या १५२, चकत्या १६६ आणि गर तब्बल २३२ ग्रॅम. केळ्याच्या चकत्या १५० ग्रॅम, तर कुस्करलेले केळे २२५.

आता महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणून कोणी जॅम करायला घेतला आणि कृतीत 'एक कप फळ, एक कप साखर' एवढेच लिहिले असले, तर काय होईल? कपभर साखर साधारण २०० ग्रॅम भरते. अख्खी फळे मोजणाऱ्याच्या पातेल्यात साखर फळाच्या जवळपास १.४ पट जाईल. आधी गर काढून मोजणाऱ्याच्या पातेल्यात ती फळापेक्षा कमी पडेल. कृती एकच, पण जॅम दोन वेगळे.

वर्षभर टिकवायच्या पदार्थात हा फरक फक्त चवीचा राहत नाही. साखरांब्याची बरणी टिकते ती साखरेमुळे. कैरीचा कीस दाबून भरला तर त्याच वाटीत कितीतरी जास्त मावतो, साखर त्या मानाने कमी पडते आणि ऐन पावसाळ्यात बरणीवर बुरशी धरते. मुरलेला हात पाकाची तार बघून चूक सावरून घेतो. पहिल्यांदाच करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला ती तार कशी कळणार? कारखान्यात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे सगळे वजनावर चालते. जॅममध्ये साधारणपणे ४५ टक्के फळ असलेच पाहिजे, हा आपल्याकडचा नियमही वजनाचाच आहे.

वाटीला नावे ठेवायचे कारण नाही. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी नवख्या घरांना स्वयंपाक शिकवला, ते मोठेच काम होते. आपल्या जुन्या मापांनाही मर्यादा ठाऊक होत्या. मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे, आणि तिथेही माप सपाट की शिगेचे, हे आधी ठरायचे. फोडींची शीग मात्र कुठे थांबते, हे कोणीच सांगू शकणार नाही. त्यातून घरोघरची वाटी वेगळी. बाजारातले मापाचे कपही कुठे २४० मिलिलिटरचे, कुठे २५०.

म्हणून पाककृती छापणाऱ्यांनी चिरलेल्या, किसलेल्या फळापुढे ग्रॅम द्यायलाच हवेत. वाटी हवी तर शेजारी राहू द्या. शिवाय वजन सोलण्याआधीचे की नंतरचे, हेही स्पष्ट लिहावे. साल, डोळे, दांडा काढल्यावर अननस जेमतेम निम्मा उरतो, तेव्हा नुसते 'अर्धा किलो अननस' म्हणून भागत नाही.

घरचा काटा आता काही शे रुपयांत मिळतो. रिकामे पातेले ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि फोडी थेट त्यातच चिरायच्या. वाटी धुवायचेही वाचते. जुनी, आवडती कृती असेल तर या मोसमात एकदा नेहमीच्या वाटीने फोडी घेऊन त्यांचे वजन करावे आणि तो आकडा वहीत कृतीशेजारीच लिहून ठेवावा. आईच्या किंवा आजीच्या हातचा साखरांबा शिकायचा असेल, तर त्या फोडी घालत असतानाच काटा खाली सरकवावा.