मशीद, पण ज्यूंची

१/ मुंबईच्या ‘मस्जिद’ स्थानकाचे नाव ज्यूंच्या सिनेगॉगवरून पडले, असे मानले जाते. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी ‘शार हारहमीम’ उभारले. मराठीभाषक बेने इस्रायली आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत.

२/ १९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. सामुदायिक प्रार्थनेस परंपरेने दहा पुरुष लागतात. कोकणातील कित्येक सिनेगॉगांत तेवढेही जमणे कठीण झाले.

३/ केरळात परवूर आणि चेंदमंगलम येथील ओस पडलेल्या सिनेगॉगांची शासनाने संग्रहालये केली. महाराष्ट्रानेही, समाजाच्या संमतीने, हाच मार्ग धरावा. प्रार्थना चालते तेथे ती चालावी. थांबली तेथे इतिहास बोलावा. कुलूप हे काही जतन नव्हे.