बिलांची होळी करू नका

मागच्या रविवारी बुद्धविहाराच्या ओट्यावर बैठक झाली. विषय लाईटबिलाचा. वस्तीत निम्म्याहून जास्त घरांना महिनोन्महिने अंदाजपंचे बिलं येतायत. एक मित्र उठला आणि म्हणाला, बिलांची होळी करू, ऑफिसच्या दारात. टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. तर कुणीतरी मला टोमणा मारला, "तू कवी ना रे? पेटवायची गोष्ट निघाली की तूच मागं?" तिथं बोलता आलं नाही. बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं असतं. म्हणून इथं लिहितोय.

आधी माझं बिल सांगतो. चार महिने माझ्या घराचं बिल ६२ युनिटचं आलं. ६२, ६२, ६२, ६२. थंडी सरली, उकाडा आला, पंखा रात्रभर फिरला, थोरली बहीण बाळंतपणाला येऊन राहिली, तरी ६२. शेरा काय, तर 'घर बंद'. आयला वाचून दाखवलं. तिचे गुडघे गेलेत, ती दाराबाहेर पडत नाही. म्हणाली, "आरं, म्या हतंच हाय की. मला कुणी बंद केलं?" आणि दुसरं म्हणजे मीटर घरात नाहीच. बोळाच्या तोंडाशी पत्र्याच्या पेटीत पंधरा मीटरं टांगलीत, येणाऱ्याजाणाऱ्या कुत्र्यालाही दिसतात. घर बंद असलं काय नि उघडं असलं काय, मीटरला त्याचं काय? पूर्वी बिलावर मीटरचा फोटो छापायची चौकट असायची.

पाचव्या महिन्यात कुणीतरी पेटी उघडली. पाच महिन्यांचे मिळून ४३० युनिट निघाले. त्यातून भरलेले २४८ वजा, बाकी १८२. हे १८२ त्यांनी एकाच महिन्यात टाकले. इथं नीट लक्ष द्या मित्रांनो, खरी मेख इथं आहे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ पासून ३०० पर्यंत दुसरा, आणि माझ्या बिलावर हा दुसरा दर पहिल्याच्या दुपटीच्या पुढं आहे. आमचं घर महिन्याला ८६ युनिट जाळतं. म्हणजे आम्ही कधीच १००च्या वर गेलो नाही. पण पाच महिन्यांचं उरलंसुरलं एका महिन्याच्या बोडक्यावर आदळलं आणि ८२ युनिट वरच्या दरात गेले. रीडिंग घ्यायला त्यांचा माणूस आला नाही, भुर्दंड आमच्या गळ्यात. हे युनिट पाच महिन्यांत वाटून लावायला पाहिजेत, तरच हिशेब खरा.

खिडकीवरचा बाबू म्हणाला, "सिस्टीमनं काढलंय." मी म्हणालो, सिस्टीमला बाहेर बोलवा, मी तिच्याशी बोलतो. तो हसला. मागं रांगेतले पण हसले. काम झालं नाही.

मी गोदीत कंत्राटावर माल उतरवतो. तिथं टॅली असते. जहाजाच्या बाजूचा एक माणूस पोती मोजतो, धक्क्याच्या बाजूचा दुसरा मोजतो. पोतं फाटलं असेल तर फाटलेलं म्हणून वेगळं लिहितात. मग दोन्ही कागद जुळवून सह्या होतात. "असतील अंदाजे दोन हजार पोती" असं म्हणून कुठल्या व्यापाऱ्यानं आजवर माल ताब्यात घेतलाय? आणि आम्ही पाळीला अर्धा तास उशिरा पोचलो तर मुकादम अंदाज करत नाही, घड्याळ बघतो. अंदाज फक्त एका दिशेनं चालतो. त्यांना द्यायचं असलं की मोजून, आमच्याकडून घ्यायचं असलं की सरासरी.

सरासरीचा मोठा खेळ आपण २०२० मध्ये पाहिलाय. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, रीडिंग थांबलं, वीज नियामक आयोगानं सरासरी बिलाला मुभा दिली. सरासरी काढली डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची. थंडीची! आणि घरात कोंडलेली माणसं उन्हाळा काढत होती. जूनमध्ये रीडिंग झालं आणि लोकांना बिलं बघून घाम फुटला. कामधंदा बंद, हातात हजारांची बिलं. ऊर्जामंत्री नितीन राऊत दिवाळीआधी सवलतीची गोड बातमी देणार होते. नोव्हेंबर २०२०मध्ये त्यांनी सांगितलं, सवलत जमणार नाही, वापरली तेवढी भरा. मंत्री आपल्या समाजातला होता म्हणून हे झाकून ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

आणि आपल्या समाजाचं म्हणाल, तर विजेच्या प्रश्नावर बाबासाहेब किती बोललेत ते किती जणांनी वाचलंय? १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, वीजही त्यांच्याच खात्यात. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणसमितीसमोर त्यांनी भाषण केलं. वीज कुणाच्या मालकीची असावी, सरकारच्या की खाजगी, हा प्रश्न त्यांनी तिथं उघडा टाकला. वीज स्वस्त पाहिजे आणि भरपूर पाहिजे, कारण गरिबीच्या फेऱ्यातून सुटायचं तर कारखाने पाहिजेत आणि कारखान्याला वीज पाहिजे, असा तो हिशेब. सरकारनं छापलेल्या दहाव्या खंडात आहे ते सगळं. आमच्या कवितेत मात्र सूर्य फार झालाय. मीही लिहिलेत चार-पाच. सूर्याला मीटर नसतं म्हणून लिहायला सोपा.

आता होळीचं. मनुस्मृती महाडला २५ डिसेंबर १९२७ला जाळली. ते जाळण्यालायकच होतं. तिच्यातही आपला पत्ता होता म्हणा, गावाबाहेरचा. पण या बिलावरचा पत्ता वेगळा आहे. वस्तीवर बुलडोझर येतो तेव्हा पात्र-अपात्रची यादी लागते. १ जानेवारी २००० आधी तू इथं होतास का, पुरावा दाखव. तेव्हा पुरावा काय, तर मतदारयादी आणि हे लाईटबिल. माझ्या बापानं पत्र्याच्या ट्रंकेत जुनी बिलं तारेला ओवून ठेवलीत. तो शाळेत गेला नाही, पण कुठला कागद माणूस ठरवतो ते त्याला बरोबर कळलं होतं.

ज्यांच्याकडं हा कागदच नाही त्यांचं काय ते विचारा. पलीकडच्या बोळात घरमालकाचं एक मीटर आणि सहा खोल्या. सहा घरांचे युनिट एकत्र झाले की वरचा टप्पा लागतो, आणि मालक त्यावर आपला वेगळा दर लावतो. धुणीभांडी करणारी एक मावशी आहे तिथं. एक बल्ब, एक पंखा, एक टीव्ही. आमच्या तिघांच्या घरापेक्षा ती जास्त पैसे भरते, आणि तिच्या नावावर एक चिटोरं नाही. मालकाशी भांडण झालं, त्यानं वायर काढली. तिच्या पोरानं खांबावर आकडा टाकला. पकडला. कलम १३५, चोरी. पेपरात वस्तीचं नाव वीजचोर म्हणून. माझ्या बापाच्या खांद्यावरही आकडा असायचा, पोती ओढायचा. त्या आकड्यानं या शहराचं धान्य उतरवलं, पण आमच्याकडं आकडा म्हटलं की लोकांना चोरीच आठवते.

रीडिंगला येणाऱ्या पोराला धरून हाणायचं, असंही बैठकीत निघालं. तो कंत्राटी पोरगा आहे. मीटरमागं त्याला पैसे मिळतात, दिवसाला अमुक मीटरं झालीच पाहिजेत असा वरून दट्ट्या. मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. खाडीपलीकडच्या आपल्याच वस्तीतला निघाला. म्हणाला, दादा, तुमच्या पेटीला मुंग्या न् पाणी, शॉक बसतो, दोनदा लिहून दिलं, कुणी पेटी बदलत नाही. त्याला मारून कुणाचं बिल कमी होणार?

२०२४ मध्ये प्रीपेड स्मार्ट मीटरं आणायचा घाट घातला होता. आधी पैसे, मग उजेड. लोक ओरडले तेव्हा जूनमध्ये सामान्य ग्राहकांना ती लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं. पुढं नवी मीटरं वेगळ्या नावानं, बिल नंतर अशी, लावायला सुरुवात झाली. मीटर शहाणं झालं म्हणून मालक शहाणा होतो असं नाही.

माझं म्हणणं एवढंच. उलट टॅली ठेवायची. महिन्याच्या एका ठरल्या तारखेला प्रत्येकानं आपल्या मीटरचा आकडा वहीत लिहायचा, मोबाईलवर फोटो काढायचा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शाळेतल्या पोरींनी लिहायचं. त्यांचा कागद आणि आपला कागद जुळवायचा. जुळला नाही तर बिल भरायच्या आत लेखी तक्रार, पोचपावती घेऊन. २००३च्या वीज कायद्याचं कलम ५६ पाठ करा. पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी लाईट तोडता येत नाही. आणि वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी ते निषेध नोंदवून भरलं, तर वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. बघा, कायद्यात सरासरी आपल्या बाजूनंही आहे, फक्त ती खिडकीवर कुणी सांगत नाही. त्याच्या वर गाऱ्हाणं निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल. एकट्याची तक्रार टोपलीत जाते, चाळीस जणांची एका तारखेला गेली तर टोपली पुरत नाही. मोर्चाला माझा विरोध नाही, मी पहिल्या रांगेत येईन. पण हातात वह्या घेऊन.

येत्या रविवारी सहा वाजता परत ओट्यावर जमू. प्रत्येकानं मागच्या बारा महिन्यांची बिलं घेऊन यावं. ज्यांची उंदरांनी खाल्लीत त्यांनी उरलेले तुकडे आणावेत, ग्राहक क्रमांक वाचता आला तरी पुष्कळ.