यंत्र बदलण्यापूर्वी

चैत्र सरता सरता आमच्या डिचोलीच्या घरातील जुन्या वातानुकूलन यंत्राने मान टाकली. सर्वांत अधिक हाल झाले ते आईचे. पेडण्याच्या कौलारू घरात उभे आयुष्य काढलेली ती माउली आमच्या माडीवरील खोलीत रात्रभर कूस बदलीत राही. एके सकाळी म्हणाली, "अरे, मला पेडण्याला नेऊन पोचव. तिथे निदान डोळा तरी लागेल." ऐंशी ओलांडलेल्या आईला त्या रिकाम्या घरी एकटी ठेवावी कशी, हा आमच्यापुढील खरा प्रश्न होता, यंत्राचा प्रश्न त्याच्यामागून आला.

दुकानदाराने दोन टनांचे यंत्र सुचविले. मोठे घ्यावे आणि निश्चिंत राहावे, असा त्याचा उपदेश. वाचकहो, येथे क्षणभर थांबावयास हवे. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ती शक्ती. गोमंतकातील उन्हाळा नुसता उष्ण नाही, दमटही आहे. म्हणूनच नागपूर-अकोल्याकडे वरदान ठरणारा पाण्याचा कूलर येथे कुचकामी. तो हवेतील ओल वाढवितो. उलट, गरजेहून मोठे वातानुकूलन यंत्र खोली झटपट गार करून थांबते आणि हवेतील ओल काढण्यास त्याला अवधीच मिळत नाही. अंग गार, परंतु चिकट, अशी अवस्था होते.

मग पेडण्याच्या घरात असे काय होते? जाड चिऱ्यांच्या भिंती, उंच छप्पर, मंगळुरी कौलांच्या फटींतून निसटणारी गरम हवा आणि परसातील माडा-फणसांची सावली. आमच्या माडीवर मात्र उघडा स्लॅब, दिवसभर ऊन पिणारा आणि रात्रभर ते खोलीत ओकणारा! शत्रू डोक्यावरच होता.

आम्ही प्रथम स्लॅबच्या वर, मधून वारा खेळेल इतके अंतर ठेवून, कौलांचे छप्पर घातले. खर्च यंत्राहून अधिक झाला, हे लपवीत नाही. परंतु पावसाळ्यातील गळतीचीही चिंता मिटली. त्यानंतर त्या लहानशा खोलीला एक टनाचे, अधिक तारांकित इन्व्हर्टर यंत्र पुरेसे ठरले. २०२० पासून नवी यंत्रे मुळात २४ अंशांवर ठेवलेली येतात. जोडीला पंखा मंद फिरत असला, तर त्याहून खाली जाण्याची गरज आम्हांस भासली नाही. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: खाऱ्या वाऱ्याने यंत्राचा बाहेरील भाग लवकर गंजतो, तेव्हा त्यावर गंजरोधक लेप आहे की नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

यंत्र निवडण्याआधी घराकडे मान वर करून एकदा पाहावे, एवढेच आमचे सांगणे. आई आता रात्री शांत झोपते. पेडण्याचे नाव काढते, ते चवथीपुरतेच.