कंठातील ठेवा आणि समाजाचे कर्तव्य

चेन्नईच्या तिरुवल्लीकेणी भागात पार्थसारथी मंदिर आणि १७९५ साली उभारलेली वालाजा मशीद आहे. एका ठिकाणी वेद व दिव्यप्रबंध, तर दुसऱ्या ठिकाणी कुराण गुरुमुखातून ऐकून कंठस्थ करण्याची परंपरा आहे. पवित्र शब्द जसाच्या तसा पुढील पिढीच्या हाती सोपवावा, हा दोन्हींमागील भाव एकच होय.

कुराणाचे ११४ अध्याय मुखोद्गत करणाऱ्यास हाफिज म्हणतात. त्यांच्या शुद्ध उच्चारणाचे शास्त्र म्हणजे तजवीद. मराठीतील ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’चा भेद कानांनीच कळतो; तसेच येथेही आहे. अरबीत कंठाच्या मुळातून उच्चारलेल्या ‘क’ने ‘कल्ब’ म्हणजे हृदय होते. साध्या ‘क’ने त्याचाच अर्थ कुत्रा होतो. तमिळ लिपीत तर क, ख, ग, घ यांसाठी एकच अक्षर आहे. म्हणून तमिळभाषक मुलाला हे सूक्ष्म भेद शिकवण्यासाठी कसलेला गुरू आणि अनेक वर्षांचा सराव हवा.

मलेशियात १९६१ पासून आंतरराष्ट्रीय पठणस्पर्धा भरू लागल्या; दुबईचा पुरस्कार १९९७ मध्ये स्थापन झाला. पाठांतराच्या स्पर्धेत परीक्षक मधलीच एखादी ओळ म्हणतो आणि स्पर्धकाने तेथून पुढे न अडखळता म्हणायचे असते. एवढी तयारी एकट्या कुटुंबाच्या बळावर होणे कठीण. म्हणूनच समाजाचा आधार मोलाचा ठरतो.

मात्र हा आधार कोणत्या वेळी मिळतो, हा खरा प्रश्न आहे. विजेत्याच्या गळ्यात हार घालणे सोपे असते. शिक्षकाचे वेतन, प्रवासखर्च आणि सरावाची जागा यांची तरतूद आधीच करणे अवघड. स्पर्धेमुळे भक्तीचे प्रदर्शन होते, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु दोष स्पर्धेचा नसून बक्षिसालाच सर्वस्व मानणाऱ्या दृष्टीचा आहे.

पाठांतरासाठी काही मुले दोन-तीन वर्षे शाळेपासून दूर राहतात. त्यांच्यासाठी मुक्त विद्यालयाचे दार खुले आहे. तेथवर त्यांना पोहोचवणे हेही समाजाचेच काम होय. मुलींनाही हीच संधी मिळायला हवी. बक्षीस एकालाच मिळते. शुद्ध वाणी, एकाग्रता आणि शालेय शिक्षण मात्र सर्वांना मिळू शकते. जो समाज न जिंकलेल्या मुलाचीही काळजी वाहतो, त्याचेच साहाय्य खरे.